एका कानाचा खेळ

वॉशिंग मशीनने शेवटचा गचका दिला आणि तीनदा पिप् केलं. एवढंच. पण आतल्या खोलीतला पलंग करकरला, आणि लॅपटॉपपुढे बसलेल्या आईने घड्याळाकडे पाहिलं.

"आई, मी उठले."

चाळीस मिनिटं! लोकांची मुलं दुपारी दोन-दोन तास ढाराढूर झोपतात म्हणे. ही चार वर्षांची पोर मात्र डोळा लागला न लागला तोच ताठ. उगाच का घरात सगळे तिला भिंगरी म्हणत?

दोन वीस झाले होते. चार वाजता विद्यापीठाची ऑनलाइन खिडकी बंद. त्याआधी शेवटच्या वर्षाचा प्रकल्प, म्हणजे एक अख्खा खेळ, अपलोड व्हायला हवा होता. भिंगरी पोटात होती तेव्हा हे वर्ष अर्धवट सुटलं, मग दोनदा मुदत वाढवून घेतली. तिसऱ्यांदा गेली तेव्हा कार्यालयातल्या बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या होत्या, "लेक कॉलेजात येईपर्यंत वाढवत राहायचं का आता?" तीही हसली होती. पण यंदा नाही तर पदवी कधीच नाही, हे त्यांनी हसत हसत लिहूनही दिलं होतं.

खेळ साधा होता. घरातले दिवे गेलेत, पडद्यावर मिट्ट काळोख, आणि एका छोट्या मुलीने आईला शोधायचं, ते फक्त आवाजावरून. नळ, कात्री, सपाता, कपाटाची कुरकुर, आईचं गुणगुणणं. उजवीकडून आवाज आला की उजवीकडे वळायचं, डावीकडून आला की डावीकडे. एकतीस आवाज तिने याच घरात, लेकीच्या झोपेतून चोरलेल्या वेळात टिपले होते. चित्रं प्रकल्पातल्या तिच्या जोडीदारणीची. वयाने सात वर्षांनी लहान, बोलायला सत्तर वर्षांची.

"बस इथं," म्हणत तिने भिंगरीच्या डोक्यावर नवऱ्याचे मोठे हेडफोन चढवले. "खेळून बघ. माझं अहवालाचं एक पान उरलंय."

पान लिहून होईपर्यंत भिंगरी गप्प होती. जरा जास्तच गप्प. तिने वळून पाहिलं. पडद्यावरची मुलगी डावीकडे वळत होती. पुन्हा डावीकडे. पुन्हा. घाण्याला जुंपल्यासारखी.

"अगं, आवाज येतोय तिकडे जा ना."

"तिकडेच जातेय! ही आई सारखी याच कानात येते." भिंगरीने डावा कान दाबून दाखवला. "लबाड आहे."

तिने हेडफोन काढून स्वतःच्या कानांवर घेतले. नळ, डावीकडे. कपाट, डावीकडे. गुणगुण, तीही डावीकडेच. उजव्या कानात नुसता शुकशुकाट.

मग लख्ख उजेड पडला. वर्षभर तिने हा खेळ एकाच कानाने ऐकला होता. इयरफोनचं एक टोक डाव्या कानात. उजवा कान उघडा, लेकीच्या खोलीकडे लावलेला. एका दुपारी उजवीकडचे आवाज तिला ऐकूच येईनात. येणार कुठून? ते टोक गळ्यात लोंबत होतं. पण त्या दिवशी भिंगरीला ताप होता, डोकं ठिकाणावर नव्हतं. तिला वाटलं खेळातच बिघाड आहे. तिने एकूण एक आवाज उचलून डावीकडे सारला आणि 'दुरुस्त झालं' म्हणून वहीत बरोबरची खूण केली.

तिने फोन लावला. जोडीदारीण विद्यापीठात प्रदर्शनाची टेबलं मांडत होती.

"ताई, शपथ घे. थट्टा करतेयस तू."

"तू तपासलं होतंस ना गं? दहादा खेळलीस!"

"मी चित्रं तपासत होते. आवाज बंद करून, गाणी लावून. म्हणजे तू एका कानाने, मी बिनकानाने. आंधळं दळतंय नि कुत्रं पीठ खातंय!"

"त्यातलं कुत्रं कोण ते नंतर ठरवू. एकतीस आवाज आहेत. प्रत्येक जागेवर ठेवून ऐकायचाय."

"मग ऐक ना बाई! दोन्ही कानांनी!"

दोन्ही कानांनी. बोलायला काय जातं! चार वर्षांत तिने दोन्ही कान एकदम कशालाच दिले नव्हते. आंघोळीलासुद्धा नळ बारीक सोडायची.

सासूबाई मशीनमधले कपडे बादलीत काढत होत्या.

"अहो आई, तासभर हिला बघाल? मला काही म्हणजे काही ऐकू येणार नाही."

"मग मी काय इथे शोभेला आहे?" सासूबाई म्हणाल्या. "एक सोडून तीन वाढवलीत. त्यातलं एक तुझ्याच गळ्यात बांधलंय, बघतेयस ना? धडधाकट आहे. जा, बस जा."

तिने दार लोटलं, कान झाकले. पहिली दहा मिनिटं नुसती चुळबुळ. दोनदा हेडफोन उचलून पाहिले. बाहेर बादली सरकत होती, भिंगरी कसलीशी गोष्ट सांगत होती. तिसऱ्यांदा उचलले नाहीत. कात्री उजवीकडे. सपाता मागे. नळ दूर, डाव्या कोपऱ्यात. काळोखातलं घर हळूहळू तिच्या चहूबाजूंनी उभं राहायला लागलं, आणि इतक्या घाईतही तिला ते आवडलं.

तेविसाव्या आवाजाला पायाखालची फरशी धप्पकन हादरली.

खेळात असा आवाज नव्हता. तिचे हात थांबले. तीन पस्तीस. कपाट अजून अर्ध्यावर होतं. 'आजी आहे ना,' ती स्वतःशीच मोठ्याने म्हणाली, आणि कपाट जागेवर ठेवलं. मग चोविसावा घेतला.

चाराला सहा मिनिटं असताना पडद्यावर हिरवी खूण उमटली. तिने हेडफोन काढले. इतकी शांतता होती की तिने झटकन दार उघडलं.

दाराबाहेर भिंगरी भिंतीला टेकून बसली होती. वरचा ओठ टरारून सुजलेला, हातात बर्फाचा फडका. शेजारी सासूबाई, जमिनीवरच, दुखरे गुडघे लांब करून.

"स्टुलावर चढली, मी चिमटे आणायला वळले तेवढ्यात," त्या म्हणाल्या. "दात शाबूत आहेत, मी बघितले. आत यायला बघत होती, मीच धरून ठेवली. झालं का तुझं?"

"झालं."

"झालं तर मग." पण त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

आत फोन थरथरत होता, जोडीदारणीचाच असणार. ती खाली बसली, लेकीला मांडीवर ओढलं. भिंगरी रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं.

"मी तुला हाका मारल्या."

"हो गं राणी. मला ऐकूच आलं नाही."

भिंगरीने एका हाताची बोटं मोजली, मग दुसऱ्या हाताची. बोटं संपली. सुजल्या ओठांनी तिने वर पाहिलं.

"सांग बरं, किती मारल्या?"