खिडकीकडे वळलेली खुर्ची

मंगळवारी सकाळी सव्वासातला कॅनडातल्या ओकव्हिलमध्ये नार्सिस कोलोमेर वारले. वय सत्त्याऐंशी. त्या वेळी ते माझ्यावर बसले होते. मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे.

माझा जन्म कॅटलोनियातल्या एका खेड्यातला. पाय लाकडी, बैठक लव्हाळ्याची विणलेली. नार्सिसच्या वडिलांचा बाटल्यांच्या बुचांचा कारखाना होता. मी तिथल्या कचेरीत असे. कारखाना विकून नार्सिस कॅनडाला आले, तेव्हा त्यांनी मलाही सोबत आणले. इथे त्यांनी चित्रे जमवली, तीही कुणी नाव न ऐकलेल्या चित्रकारांची. कुणाला खोली मिळवून दिली, कुणाला रंग.

त्यांची एक रीत होती. नवे चित्र हॉलमध्ये टांगायचे, मला समोर ठेवायचे आणि हिवाळाभर रोज सकाळी कॉफी घेत ते बघायचे. कंटाळा आला तर चित्र परत. नाही आला, तर मला खिडकीकडे वळवायचे. म्हणायचे, "आता हे घरचं झालं. घरच्यांकडे कुणी टक लावून बघत नाही." मग ते चित्र संग्रहात जाई. पाहुणे चित्रांची स्तुती करत. माझी वीण उसवली, ती मात्र नार्सिसनीच दोरीने बांधली.

या हिवाळ्यात भिंतीवर नीरजाचे चित्र होते: स्कारबरोच्या बसथांब्यावर बर्फात उभी माणसे. नीरजा तिथल्या कॉलेजात शिकते. शेजारच्या वनिताकाकूंनी तिची ओळख करून दिली होती. संग्रह आता कॅटलोनियातल्या जिरोनाच्या एका संग्रहालयात जाणार आहे. त्यात आपले पहिले चित्र असावे, एवढेच तिला हवे आहे.

काकूंकडे घराची किल्ली असते. ॲम्ब्युलन्स त्यांनीच बोलावली. नार्सिसना नेल्यावर, लोक भेटायला येतील म्हणून त्यांनी हॉल मोकळा केला, मला भिंतीला लावले, व्हॅक्युम करून चादरी अंथरल्या. कार्पेटवरचे माझ्या पायांचे ठसे गेले. भेटायला नीरजा तेवढी आली.

संग्रहात काय जाणार ते ठरवणारी नार्सिसची भाची मेर्से हिने दुपारी बार्सिलोनाहून व्हिडिओ कॉलवर एकच विचारले: खुर्चीचे तोंड कुठे होते?

"काकू, आठवा ना प्लीज," नीरजा म्हणाली.

"अगं, आत आले तर त्यांची मान कललेली. खुर्ची कोण बघतंय तेव्हा!"

कॉल संपल्यावर काकू हळूच म्हणाल्या, "खिडकीकडे वळवून ठेवू? मेर्सेला सांगते, आठवलं म्हणून."

"नको काकू. तिकडे नसली तर?"

"आणि असली तर, वेडे?"

 नीरजाने चादरींच्या घड्या घातल्या.

मित्रांनो, त्या सकाळी नार्सिसनी मला खिडकीकडे वळवले होते. ते बसले, अर्धी कॉफी प्यायले. त्या दोघींना मला हे सांगता येत नाही. म्हणून एवढेच मागते: कुणाची वस्तू हलवण्याआधी ती कशी ठेवली होती, ते एकदा बघून घ्या.

मेर्से शुक्रवारी येणार आहे. चित्र अजून भिंतीवर आहे. मीही भिंतीलाच आहे, हॉलकडे तोंड करून.