बाळाच्या वतीनं

शनिवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर पाण्याचं भांडं ठेवून सासरे उद्याच्या बाप्तिस्म्याची तालीम घेत होते. सासरे चर्चचे निवृत्त पाळक. नातवाच्या कपाळावर पाणी आपल्याच हातानं पडावं, म्हणून गेले दोन महिने गुडघेदुखी विसरले होते. त्यांच्या मंडळीत बाळाच्या वतीनं उत्तर आईनं एकटीनं द्यायचं, तेही कागद न बघता.

"हे बाळ पापी स्वभाव घेऊन जन्माला आलं आहे, असं मानतेस का?"

सूनबाईनं भांडं जरा बाजूला सरकवलं. ती प्रसूती विभागात नर्स होती.

"पप्पा, मी रोज आठ-दहा बाळं पुसून काढते. चिकट असतात, चिडलेली असतात. पाप काही हाताला लागलं नाही अजून."

"पाप म्हणजे काय कावीळ आहे, डोळ्यांत दिसायला?"

"पण पवित्र शास्त्रातच आहे ना, देवानं माणूस आपल्यासारखा घडवला? मग त्याच शास्त्रात दावीद राजा म्हणतो, मी जन्मापासूनच बिघडलेला. खरं कोणतं?"

"दोन्ही."

"दोन्ही कसं?"

"ते मलाही नीटसं..." सासरे खाकरले. "हे बघ, मनात नसताना 'मानते' म्हणू नकोस. पण तू मानत नसशील, तर मी उद्या पाण्यात हात घालणार नाही. चाळीस वर्षांत कुणासाठी नियम वाकवला नाही, नातवासाठी कसा वाकवू?"

हे बोलून त्यांनी भांड्याची कड उगाचच पुसली.  तिला बाळाला त्या पाण्यावाचून परत आणायचं नव्हतं, आणि त्याच्या तोंडावर त्याला पापी म्हणायला जीभ रेटत नव्हती.

तिच्या पुढ्यातल्या मोबाईलवर, कॅमेऱ्यातून, आतल्या खोलीतला पाळणा दिसत होता. पाच वर्षांची चिंगी पाळण्याशी आली. तिनं आधी दाराकडे पाहिलं, मग खिडकीकडे. मग भावाच्या मांडीला कचकन चिमटा काढला. बाळानं टाहो फोडला, तशी लगेच "अले अले, कोण ललतंय" म्हणत त्याला थोपटायला लागली.

आई धावली. मांडीवर लालभडक वळ. मागून सासरे लंगडत आले. "काय गं झालं?"

"काही नाही, डास चावला असेल."

एवढं सहज निघालं तोंडातून, की तिचं तिलाच नवल वाटलं. चिंगीनं आ वासून आईकडे पाहिलं. मग मान डोलावली. "हो आजोबा. केवढा मोठ्ठा होता!"

आई वळ चोळता चोळता थांबली. दाराकडे आधी बघायचं, हे चिंगीला कुणी शिकवलं? आणि डास? तो तर आत्ता, चिंगीच्या देखत, आपणच शिकवला.

"डास नव्हता, पप्पा. चिंगीनं चिमटा काढला. आणि मी खोटं बोलले."

चिंगीनं भोकाड पसरलं. इतक्यात पाळण्यातल्यानं चिंगीचंच बोट मुठीत धरलं आणि बोळकं पसरून हसायला लागला.

"आता ह्याला काय म्हणायचं, सांगा." तिनं विचारलं.

सासऱ्यांनी चिंगीला उचललं आणि तिचे डोळे पुसले.

रविवारी सगळी मंडळी उभी राहिली. सासऱ्यांनी तोच प्रश्न, तसाच विचारला. ती रात्रभर पाठ करून आली होती, पण बाळाच्या जावळाचा वास आला आणि पाठांतर विस्कटलं.

"माझ्याबद्दल मानते," ती म्हणाली. "त्याच्याबद्दल मला कळत नाही. पण त्याला माझ्याच हाताखाली वाढायचंय, म्हणून घेऊन आले."

पहिल्या बाकावर कुजबुज झाली. सासऱ्यांचा हात पाण्यावर तसाच थांबला. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, बाळाकडे पाहिलं, आणि ओंजळ भरली.

पाणी गार होतं, बाळ दचकलं. सासऱ्यांना उत्तर पटलं होतं, की आजोबापुढे पाळकाचं काही चाललं नाही, तिला कळेना. त्यांचा चेहरा पाहून वाटलं, त्यांनाही ते कळलं नसावं.