दारातला देव

त्या वर्षी ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या नया बाजारच्या गणेशोत्सवात खऱ्या देवांचं नाटक करायचं नाही असं ठरलं. आदल्या वर्षी रामाचं काम कोणी करायचं यावरून दोन घराण्यांचं बोलणं बंद झालं होतं. म्हणून दरबारच्या कचेरीतले कारकून भालचंद्रपंत यांनी देवच नवे केले.

प्रखरच्या पापणीत सूर्य होता. झंझा समुद्र घागरीत घेऊन फिरे. सगळ्यांत बलवान होता अडसर. तो स्वर्गाच्या उंबऱ्यावर, जोड्यांशेजारी, दाराला पाठ लावून बसे. दारामागे पहिला अंधार होता. अडसर उठला तर अंधार आत येणार, म्हणून तो कधी उठलाच नाही. बाकीचे देव त्याला जोडे सांभाळणारा समजत. शेवटच्या अंकात त्यांना खरं कळतं आणि प्रखर त्याच्या पाया पडतो.

अडसराला एकच वाक्य होतं: "तुम्ही बसा, मी आहे." ते काम कान्होजीकडे होतं. त्याचे वडील दौलतसिंह सरदार जगदेवरावांच्या पागेत होते. प्रखर होता सरदारांचा पुतण्या मानसिंगराव. कान्होजी वाक्य म्हणे तेव्हा तालमीत सतरंज्या घालणारेही हात थांबवत.

एका तालमीला जगदेवराव आले. पडदे आणि गालिचे त्यांनीच दिले होते. कान्होजीने चेहऱ्याला काजळी फासून तागाची दाढी लावली होती.

"दारात बसलाय तो कोण?"

"कान्होजी, सरकार. आपल्या पागेतल्या दौलतसिंहांचा मुलगा," भालचंद्रपंत म्हणाले.

"आणि मानसिंग त्याच्या पाया पडणार?"

"नाटकात, सरकार."

तबक समोर आलं तेव्हा जगदेवरावांनी विड्याला हात लावला नाही आणि ते निघून गेले.

सरदाराने विडा नाकारला म्हणजे काय, हे ग्वाल्हेरात कोणाला शिकवावं लागत नसे. भालचंद्रपंतांच्या वडिलांनी असा एक विडा परत गेलेला पाहिला होता आणि पुढची सगळी वर्षं दूरच्या परगण्यात काढली होती. पंतांनी कोणाला विचारलं नाही. त्याच संध्याकाळी त्यांनी अडसराला उंबऱ्यावरून उठवून चौरंगावर खुर्चीत बसवलं आणि ते काम मानसिंगरावांना दिलं. प्रखरचं काम दुसऱ्याकडे गेलं.

"बसूनच राहायचं ना?" मानसिंगराव म्हणाले. "फिर तो बढ़िया है, पंत. पाठांतर वाचलं."

कान्होजीला पंत म्हणाले, "पडद्याची खुंटी मोडली आहे. दोरी धरायला भरवशाचा माणूस हवा."

कान्होजीने दाढी काढून घडी घातली आणि पंतांच्या हातात दिली. "बरं," तो म्हणाला.

बायकांना येता यावं म्हणून खेळ दुपारी ठेवला होता. मानसिंगराव खुर्चीत बसून "तुम्ही बसा, मी आहे" म्हणाले तेव्हा बसलेल्या लोकांना त्यात काही विशेष वाटलं नाही. मागून कोणी तरी म्हणालं, "आम्ही बसलोच आहोत." हशा झाला.

खेळानंतर सामान आवरता यावं म्हणून पडदा वर ओढलेला होता. दोरी धरून कान्होजी उभा होता. जगदेवराव रंगमंचावर आले.

"पंत, तो दारातला देव कुठे गेला? मी घरच्यांना मुद्दाम घेऊन आलो होतो. म्हटलं, आमचा मानसिंग एकदा तरी कोणाच्या पाया पडेल ते बघा."

भालचंद्रपंत म्हणाले, "त्या दिवशी सरकारांनी विडा..."

"दाढ काढली होती हो त्या सकाळी. विडा कुठला खातो." त्यांनी गालाला हात लावला. "मुलगा कुठे आहे?"

खरं सांगायला दोन वाक्यं पुरली असती. पंत म्हणाले, "त्याची तब्येत बिघडली, सरकार. आयत्या वेळी."

दोरी चार हातांवर होती. पंतांनी तिकडे पाहिलं नाही.

"मग वैद्य पाठवतो. आमच्याच पागेतला ना तो?" जगदेवराव दोरीकडे वळले. धुतलेला चेहरा त्यांनी ओळखला नाही. "काय रे, तू ओळखतोस त्याला? काय झालंय?"

पंत गालिच्याकडे बघत राहिले. आपण मान वर करावी, बोलावं, असं त्यांना वाटत होतं, आणि ते करत नव्हते.

"ताप आहे, सरकार," कान्होजी म्हणाला. "उतरेल. वैद्य नको."

"काळजी घ्या म्हणावं." जगदेवराव गेले.

पंत दोरीजवळ आले. "कान्होजी, उद्या पुन्हा खेळ लावू. उंबऱ्यावरच. मी स्वतः सरकारांना सांगतो."

"धरा," कान्होजी म्हणाला आणि दोरी त्यांच्या हातात दिली. पडदा जड होता. पंतांना दोन्ही हात लावावे लागले. "मला ताप आहे, पंत. घरी जातो."

तो जोडे घालून निघाला. पडद्याखाली माणसं गालिचे गुंडाळत होती, त्यामुळे दोरी सोडता येत नव्हती. पंतांनी दोनदा हाक मारली. नंतर त्यांच्या लक्षात आलं की सगळे आपल्याकडे पाहत आहेत, आणि ते गप्प झाले.