कापलेल्या कडा

ओगाता फुमिए क्योतोच्या शाळेत शिवण शिकवून निवृत्त झाल्या होत्या. त्यांना नाद एकच, काबुकी नटांच्या जुन्या, लाकडी ठशांनी छापलेल्या चित्रांचा. त्यांतलं सगळ्यात लाडकं चित्र तीन कागदांचं होतं: बर्फात भिडलेले दोन योद्धे आणि मध्ये स्त्रीवेषातला नट. दोन कागद तरुणपणीच मिळाले. तिसऱ्यासाठी त्यांनी अर्धं आयुष्य जुन्या बाजारांतल्या दुकानांचे उंबरे झिजवले. शेवटी तो साके ही तांदळाची दारू विकणाऱ्या ओसाकाच्या एका व्यापाऱ्याच्या कोठारात सापडला, तेव्हा बाईंनी तिथेच फतकल मारली होती.

कामो नदीकाठी नवं हॉटेल निघालं. तिथले व्यवस्थापक हिरुमा घरी येऊन गोड बोलले आणि उद्घाटनापुरतं चित्र मागून घेऊन गेले. बाईंच्या शब्दावर आणखी काही संग्राहकांनीही आपली चित्रं दिली.

उद्घाटनाला बाई ठेवणीतला किमोनो नेसून गेल्या. चित्रापुढे उभ्या राहिल्या आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिन्ही कागदांच्या कडा छाटल्या होत्या. चित्रकाराची सही अर्धीच उरली होती, प्रकाशकाचा शिक्का पार गेला होता.

हिरुमा कमरेत वाकून म्हणाले की चौकटी आधीच बनून आल्या होत्या, चित्र जरा मोठं पडत होतं.

"म्हणून कापलंत?"

"अगदी बोटभर, ओगाताबाई. कडा मळक्याच होत्या. आता कसं नीटनेटकं दिसतंय."

"टोपी लहान पडली तर कान छाटता का हो तुम्ही?"

हिरुमांनी हळू आवाजात भरपाईचं काढलं. पाहुण्यांसमोर नको, म्हणाले. कापलेल्या पट्ट्या कुठे आहेत, एवढंच बाईंनी विचारलं. त्या कचऱ्यात गेल्या होत्या.

मग बाईंनी स्वतःच्या हातांनी चौकटी उतरवल्या आणि चहाचे वाडगे घेऊन थबकलेल्या पाहुण्यांना काय झालं ते शांतपणे सांगितलं. म्हातारे दंतवैद्य कुझे उठले. त्यांचं चित्र धड होतं, तरी त्यांनीही ते उतरवलं.

"माझं वाचलं ते चौकटीत बसलं म्हणून," ते हिरुमांना म्हणाले, "तुम्हाला कळलं म्हणून नव्हे."

बाकीच्यांनीही आपापली चित्रं काढली. भिंतीवर नुसते खिळे उरले.

घरी बाईंनी तिन्ही कागद चटईवर शेजारी शेजारी मांडले. एका कागदावरून दुसऱ्यावर जाणारी तलवार आता जुळत नव्हती, कडेवरचा तलवार धरलेला हातच कापला गेला होता. बाई कितीतरी वेळ ते कागद जवळ सरकवून पाहत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी हॉटेलकडून उंची मिठाईचा डबा आला. बाईंनी तो आणणाऱ्याला पाणी विचारलं आणि डबा न उघडता परत पाठवला.