कांजीची गाठ

कोन गावात कापड विणायच्या लूमच्या कारखान्याच्या माळ्यावर रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती. खाली लूम बंद, वर महाराज चालू. रांग जिन्याखालपर्यंत. महाराज म्हणे पायातली रक्ताची गाठ तोंडाने ओढून काढतात. कापणं नाही, टोचणं नाही.

मी ड्युटी संपवून थेट तिथे गेलो. रांगेत माझी बहीण होती, सुकन्याताई, सोबत भावोजी.

ताईला व्हॅस्क्युलायटिस आहे. हा शब्द मीपण मोबाइलवर दहादा वाचून शिकलो. अंगातली रोगाशी लढणारी फौज स्वतःच्याच रक्तवाहिन्यांवर उलटते, त्या सुजतात. अशा माणसाला रक्त गोठायचा धोका जास्त, आजार भडकला की आणखी जास्त. ताईच्या डाव्या पोटरीत गाठ सोनोग्राफीत दिसलेली. डॉक्टरांनी रक्त पातळ करायच्या गोळ्या दिल्या. एकही चुकवायची नाही, पाय चोळायचा नाही. गाठ सुटून फुप्फुसात गेली तर जीव जाऊ शकतो.

ताईचा नंबर आला. महाराजांनी आधी रिपोर्ट मागितला. कोणता पाय ते त्यात छापलेलंच होतं.

"डॉक्टर फोटो दाखवतो," महाराज बोलले, "आम्ही माल दाखवतो."

पोटरीवर ओलं फडकं, त्यावर तोंड, तीनदा ओढलं. स्टीलच्या वाटीत थुंकले. काळपट लाल गोळा. लोकांनी हात जोडले.

"निघाली. इंग्रजी गोळी बंद. उद्यापासून तेल लावून पोटरी जोरात चोळायची. वाटी खाडीत सोडा, गोळ्याला हात लावू नका."

मी ताईला विचारलं, "सकाळची गोळी घेतलीस?"

तिने नवऱ्याकडे बघितलं. भावोजी भाविक, तेच बोलले, "आता कशाला रे? गाठ निघाली ना. डोळ्यांनी बघितलीस."

"इथे यायचं ठरल्यापासून बंद आहे, दोन दिवस झाले," ताई हळूच बोलली.

माझं डोकं फिरलं. मी वाटी उचलली.

"दोष लागेल तुला," महाराज बोलले.

"लागू दे."

गोळा बोटात चोळला आणि कळलं, ही कांजी, पिठाची खळ. सूत तुटू नये म्हणून त्याला कांजी लावतात, कापड रंगवायच्या आधी ती धुऊन काढतात. ती निघाली की नाही हे तपासणं हीच माझी नोकरी. आयोडीनचा थेंब टाकायचा, निळं पडलं तर कांजी शिल्लक. बाटली खिशातच होती.

पांढऱ्या रुमालावर गोळा पसरला, थेंब टाकला. शाईसारखा निळाकाळा डाग.

मग पिनने माझंच बोट टोचलं. बाजूला रक्त लावलं, वर थेंब. निळं नाही पडलं.

पुढे बसलेले अय्यूबचाचा, चाळीस वर्षं लूमवर काढलेली, वाकून बघत बोलले, "अरे, ये तो अपनी कांजी है. रंग डाला है इसमें."

"ज्याची श्रद्धा नाही त्याला निळं दिसतं," महाराज तोंड जेमतेम उघडत बोलले.

रांगेतली कमळामावशी गुडघा धरून उठली. "मंग मला बी निळाच दिसतो, महाराज. गाल का फुगलाय? तोंड उघडा बघू."

"मौन आहे आमचं."

"आता तर बोलत व्हता. न्हाय उघडणार? मंग आम्ही उघडतो."

महाराजांनी गिळायचा प्रयत्न केला, ठसका लागला आणि दुसरा गोळा बाहेर पडला. पुढच्या पेशंटची गाठ, गालात तयार. माळा हसला. मला नाही हसू आलं, ताईला जिना उतरताना दम लागत होता.

भावोजींनी तिला उचलून रिक्षात घातलं. हॉस्पिटलात परत सोनोग्राफी झाली, छातीचा सीटी स्कॅनही. गाठ होती तिथेच होती. एक तुकडा सुटून फुप्फुसात गेलेला, छोटा. दाखल करून इंजेक्शनं सुरू केली. डॉक्टर बोलले, "चोळलं नाहीत ते बरं. आणि वेळेत आणलंत."

भावोजींनी स्क्रीनवरची गाठ डोळ्यांनी बघितली. आता गोळीचा अलार्म त्यांच्या मोबाइलवर वाजतो.

महाराजांनी मला शाप दिलाय म्हणे. दे. नाव-पत्ता लिहून देतो.

बाकीच्यांना एवढंच सांगतो. एकच पाय सुजला, दुखला, किंवा अचानक दम लागला, तर रांगेत नका उभे राहू, हॉस्पिटल गाठा. गोळी डॉक्टरला विचारल्याशिवाय सोडू नका. आणि कोणी हातात चमत्कार दिला तर हात जोडायच्या आधी तो तपासा. बाटली माझ्या खिशात आहे. कुठल्याही माळ्यावर बोलवा, येतो.