कडेची माणसं

“आडवा ठेव आणि तोरकडे थोडा कलता कर,” ओमुर म्हणाला. “म्हणजे आई येते, आम्ही पुरुष येतो, पलीकडे बायका येतात. राहिलं काय, तर दार. दाराचा फोटो कुणाला हवाय?”

तंबूच्या मधोमध, चुलीची जागा मोकळी केली होती तिथे, फोटोवाल्या एसेनकुलचा कॅमेरा उताणा पडून छपराच्या गोल झरोक्याकडे बघत होता. भोवती अठ्ठावीस माणसं बसली होती. अठ्ठावीस, कारण मी मोजली होती. तंबू माझा, भाड्याने दिलेला. सकाळी मीच उभा केला होता. कोण कुठे बसलं, गेल्या खेपेपेक्षा किती हात खाली सरकलं, याची नोंद माझ्या डोक्यात आपोआप होत असते. दारासमोरची जागा म्हणजे तोर, ती मानाची. तिथे बातमा आजी, ओमुरची आई. तिच्याच ऐंशीचा सोहळा होता. तिच्या एका हाताला पुरुष, दुसऱ्या हाताला बायका, मान उतरेल तसे उतरत दारापर्यंत. आणि दारात जोडे, चहाचा समोवार आणि बुरुल.

बुरुल ही ओमुरच्या धाकट्या भावाची, तालायची बायको. आणि एसेनकुलची सख्खी बहीण. तालाय अकरा वर्षांपूर्वी एका उन्हाळ्यापुरता रशियात रस्त्याच्या कामावर गेला. तिसऱ्या वर्षी निरोप आला, की तिकडे दुसरं घर केलंय. बुरुलला कुणी राहा म्हटलं नाही, कुणी जा म्हटलं नाही. गायी दोन वेळा दूध देत राहिल्या, सासूची दृष्टी कमी होत राहिली, आणि ती राहिली. आता वसंतात तालाय तिकडच्या बायकामुलांना घेऊन येणार होता. आजचा फोटो आधी त्याला जायचा होता, मग घराच्या भिंतीवर. बुरुलनं आता भावाकडे जायचा विचार करावा, असं ओमुर महिनाभर सांगत होता. फक्त बुरुलला सोडून सगळ्यांना.

पूर्वी एसेनकुल या घरी यायचा तो सुनेच्या माहेरचा, म्हणजे व्याही म्हणून, आणि बसायचा तोरवर. तालायच्या निरोपानंतरच्या पहिल्याच समारंभाला आमंत्रण आलं ते फोटोवाल्याला. तेव्हापासून तो दाराबाहेर माझ्या शेजारी उभ्यानं रस्सा पितो. या घराचं काम मात्र त्यानं कधी सोडलं नाही. वर्षातून दोनदा बहीण दिसायची. रश्श्याचा वाडगा तीच आणून द्यायची.

त्याचं कसब एकच. गोल तंबूत मागे सरकायला जागा नसते. बाकीचे फोटोवाले नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या भिंतीला पाठ टेकवतात आणि अर्धी माणसं घेऊन घरी जातात. एसेनकुलकडे फिशआय लेन्स होती, मेंढ्याच्या डोळ्यासारखी फुगीर. मोठ्या कॅमेऱ्याला ती लावून जमिनीवर उताणी ठेवली, की अख्खा तंबू एका चकतीत उतरायचा. मधे झरोका, भोवती माणसं, डोकी आत, पाय बाहेर. तंबूत आहे तो फोटोत आहे, असं तो म्हणायचा. जन्मात फुशारकी मारली ती एवढीच. ती लेन्स त्यालाही सोडायची नाही, म्हणून तो बाहेर जायचा, दारावरचा नमद्याचा पडदा खाली टाकायचा आणि तिथून रिमोट दाबायचा.

पण मागच्या आठवड्यात घोड्यांवरून बकरा ओढायच्या खेळात एका घोड्यानं मोठ्या कॅमेऱ्यावर पाय दिला. लेन्स खिशात होती, ती वाचली. मग त्यानं मिळेल ते करून पाहिलं. फोनवर चिमट्यानं बसवायचं भिंग आणलं, तर त्यात कडेची माणसं दुधात बुडाल्यासारखी दिसली. घोडेस्वार कपाळाला बांधतात तो चिमुकला कॅमेरा आणला; त्याला दिसायचं पुष्कळ, पण जवळच्या माणसाचं नाक आधी यायचं आणि माणूस मागाहून. शेवटी शाळेचा कॅमेरा उसना घेतला. लेन्स त्याला बसली, पण आतली फोटो टिपणारी पट्टी लहान निघाली. सकाळी त्यानं मला नान घेऊन दाखवलं. मोठा गोल नान लांबट तबकात ठेवला, की दोन कडा बाहेर राहतात. तबक एकीकडून धरलं तर तोर आणि दार आत राहतं, पुरुष-बायकांच्या बाजू कापल्या जातात. तबक फिरवलं, की उलट. तोर ठेवून नुसतं दार कापता येत नाही, येतील तर दोन्ही, जातील तर दोन्ही, असं तो जरा खुशीतच म्हणाला होता. ओमुरनं दोन मिनिटांत वाट काढली. आडवा धरून कलता केला, की सगळं येत होतं. दार सोडून.

छप्पर वाकडं येईल, एसेनकुल म्हणाला. येऊ दे, ओमुर म्हणाला, आपल्याला काय छपराचं लग्न लावायचंय? पुरुषांच्या बाजूला हसू पसरलं.

एसेनकुलनं खिशातून रुमाल काढला, घडी केली आणि कॅमेऱ्याच्या एका कडेखाली सरकवली. मी नमद्यावरची नक्षी बघू लागलो. मला त्याचा राग आला नाही. नाही म्हटलं असतं, तर पुढच्या खेपेला या घरी दुसरा फोटोवाला आला असता आणि बहीण वर्षातून दोनदा दिसायची तीही दिसली नसती. हो म्हटलं, तर बहिणीला त्या घरातून कापायचं काम त्यानं स्वतःच्या हातानं केलं असतं. असा हिशेब मांडायला मला बरा जमतो. सोडवायला सांगू नका.

रुमाल कशासाठी, ते बुरुलनं लगेच ओळखलं. निखारे बघायला हवेत असं काहीतरी पुटपुटत ती किटली घेऊन उठली आणि जोड्यांत पाय घालू लागली. भावाची अडचण नको, म्हणून ती आपण होऊन बाहेर निघाली होती.

“बुरुल, बस,” एसेनकुल म्हणाला.

त्यानं रुमाल ओढून काढला. कॅमेरा सपाट केला आणि फिरवला. लांब बाजू तोर ते दार.

ओमुरचा चेहरा उतरला, मग चढला. कामाला बोलावलेल्यानं सांगितलेलं काम करावं, कोचकोर गावात आणखी तीन फोटोवाले आहेत, असं तो सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या हळू म्हणाला. एसेनकुलचे कान लाल झाले. हात मात्र कॅमेऱ्यावरून हलले नाहीत.

“कुणाला बाहेर ठेवायचं चाललंय?” बातमा आजीनं विचारलं. तिला आता उजेड तेवढा दिसतो, पण कान शाबूत आहेत.

काही नाही आई, कॅमेरा लावतोय, ओमुर म्हणाला.

“तुला नाही विचारलं. फोटो काढणारा सांगू दे.”

“दाराकडचं माणूस, आजी,” एसेनकुल म्हणाला.

“आणि तू कुठे बसणार?”

“मी बाहेर. बटण बाहेरून दाबतो.”

“म्हणजे व्याही दाराबाहेर आणि व्याह्याची बहीण फोटोबाहेर. मग अकरा वर्षं मला जेवू कोण घालतंय?” म्हातारीनं शेजारच्या गादीवर थाप मारली. “या व्याही. इथे बसा. ओमुर, तू सरक.”

“आई, सरकलो तर मी फोटोत येत नाही.”

“तुझं तोंड मला तसंही दिसत नाही. आवाज येतो तेवढा पुरे.”

या खेपेला बायकांची बाजू हसली.

एसेनकुल तोरवर गेला. तीस वर्षं लोकांना हनुवटी वर करा, खांदे सोडा सांगणाऱ्या माणसाला स्वतःचे गुडघे कुठे ठेवावेत ते कळेना. त्यानं रिमोट मुठीत लपवला आणि दाबला.

फोटो मी पुढे पाहिला. दोन्ही बाजूंची माणसं अर्धी होती, गुडघे गेले, खांदे गेले. ओमुर आत डोकावायला वाकला होता, त्याची टोपी तेवढी आली होती. एका टोकाला म्हातारी आणि तिच्याशेजारी डोळे मिटलेला एसेनकुल, दुसऱ्या टोकाला समोवारामागे ताठ बसलेली बुरुल. ओमुर तो तालायला पाठवणार की नाही, हे मी विचारलं नाही. वसंतात काय व्हायचं ते वसंतात.

त्या दिवशी लगेच मांस आलं. त्याआधी हात धुवायचे, आणि पाण्याची सुरुवात तोरपासून करायची. बुरुल तस्त आणि झारी घेऊन आली. आधी सासूच्या हातांवर तिनं पाणी घातलं, मग भावासमोर गुडघे टेकले. तिनं वर पाहिलं नाही, त्यानंही नाही. एरवी हा माणूस बाहेरच्या पिंपावर हात खळखळून घेतो आणि पँटला पुसतो. आज त्यानं दोन्ही हात पुढे केले, आणि झारी रिकामी होईपर्यंत मागे घेतले नाहीत.