सुतळीने बांधलेला हरणटोळ

मित्रांनो, मी एक म्हातारा हरणटोळ आहे. म्हणजे झाडावर राहणारा, दोरीसारखा बारीक, हिरवा साप. घाबरून पान उलटू नका, मी कागदातून बाहेर येत नाही.

आमच्या कुळात कोणी पोपटी, कोणी मातकट; पण अंगाने सगळे काटकुळे. एका रोपवाटिकेतल्या वेलींच्या मांडवावर मी जन्मलो. सरडे खावेत आणि वाऱ्याबरोबर डहाळीसारखं डुलावं, एवढंच माझं काम. तरी लोक म्हणतात, हा डोळे फोडतो. अहो, मी कशाला कुणाचे डोळे फोडू? या आळाचं मला फार वाईट वाटायचं.

रोपवाटिकेतले माळीबाबा रोज सकाळी कोवळे शेंडे सुतळीने काठीला बांधायचे. हात इतका हलका, की एकही शेंडा मोडायचा नाही. एके दिवशी त्यांनी शेंडा समजून मलाच बांधलं! एक गाठ मानेशी, एक पोटाशी. वर कौतुकाने म्हणाले, "हं, आता वाढ सरळ."

ऊन चढलं, जीव कासावीस झाला. तेवढ्यात त्यांची सून पाणी घालायला आली आणि तिच्या हातून झारीच पडली.

"बाबा, मागे व्हा! साप! डोळे फोडेल तो!" तिने फावडं उचललं.

बांधलेल्याने पळायचं कुठे? मी जगण्याची आशाच सोडली.

माळीबाबा मध्ये आले. नाक टेकेल इतकं वाकून त्यांनी गाठ पाहिली. "थांब गं. ही गाठ माझीच आहे."

"तुम्ही सापाला बांधलंत?"

"शेंडा वाटला." मग ते हळूच म्हणाले, "पोरी, वर्षभर मला नीट दिसत नाहीये. सांगितलं असतं, तर तुम्ही मला घरी बसवलं असतं."

सुनेने फावडं खाली ठेवलं. "मांडव काय पळून जातोय, बाबा? डोळे बरे झाले की पुन्हा या कामाला. उद्याच दवाखान्यात जायचं."

"जाऊ. आधी ही सुतळी तूच काप. मला दिसायचं नाही."

"मी?" म्हणत तिने कात्री आणून माझ्या मानेजवळच्या गाठीला लावली. मी आयुष्यात कधी इतका स्थिर राहिलो नव्हतो. कच्, कच्. मी सुटलो.

दवाखान्यात बाबांच्या डोळ्यांतला मोतीबिंदू काढला आणि त्यांना नीट दिसू लागलं. आता ते गाठ मारण्याआधी विचारतात, "तू नाहीस ना रे?"

मित्रांनो, मला हातात धरू नका, चिडलो तर मीही चावतो. पण फावडं उचलण्याआधी जरा नीट बघा. मला पाहून गिऱ्हाईक दचकलं, की सूनच सांगते, "घाबरू नका. आमच्या बाबांना याच्यामुळेच डोळे मिळाले."